सात बोटांची खूण

(जालना, भुजंग मिस्तरीचं गॅरेज. जॅकवर चढवलेली लाल मस्टँग. शिवशंकर गाडीपाशी उभा. त्याचे वडील मल्हारी काठी घेऊन जुन्या टायरवर बसलेले.)

भुजंग : …अन् मी तेच म्हणून राह्यलो शेठ. एवढी खाली बसवली तर जालन्याच्या बाहेर न्यायचं नाव घेऊ नका.

शिवशंकर : तुम्ही निस्ती चकती फिरवा, भुजंगभाऊ. टायर अन् मडगार्डच्या मधी अख्खा हात जातो. पोरं हसतेत. अंगदची गाडी बघितली ना? जमिनीला चिकटल्यासारखी दिसती. समोरून आली तर माणूस आपोआप बाजूला हुतो.

भुजंग : अंगदशेठची गाडी बंगल्यातून निघती अन् बंगल्यात जाती. तिला दुसरं काम काय? तुम्हाला आज मामाला सोडायला वस्तीवर जायचंय.

मल्हारी : हाव. डोळे दाखवायला आल्तो मी. हा म्हणला, बसनं जाऊ नका, दारात सोडतो.

शिवशंकर : सोडतो ना, आबा. चहा सांगू का अजून?

मल्हारी : नको. मिस्तरी, ती चकती फिरवली म्हंजे काय हुतंय?

भुजंग : या इकडं, मामा. ही चाकापाशी स्प्रिंग हाय ना, तिच्याखाली ही चकती. चकती खाली घेतली की स्प्रिंग खाली, स्प्रिंग खाली की गाडी खाली. चारी चाकांना असंच. गाडी काही जास्त पळत न्हाई त्यानं. निस्ता शौक.

मल्हारी : पुढून जास्त खाली घेऊन राह्यला तू.

शिवशंकर : तसंच लागतंय, आबा. नाक खाली अन् मागून जराशी वर. रागीट दिसती. आता अंगावर येती का काय, असं वाटाया पायजे.

मल्हारी : एडका बी टक्कर घ्यायच्या आधी असंच मुंडकं खाली घालतो.

भुजंग : बिलकुल बराबर बोलले, मामा!

मल्हारी : पण त्याच्यापुढं दुसरा एडका असतो. याच्यापुढं कोण हाय?

शिवशंकर : कुणी न्हाई हो. रविवारी बायपासला समद्या गाड्या जमणार हायेत. फोटो निघतेत. बस, एवढंच.

भुजंग : घ्या, एक इंच झाला. जॅक काढला. शेठ, स्टेरिंग धरा. मामा, तुम्ही मागून जरा हात लावा. गाडी दोनचारदा पुढंमागं ढकलली का स्प्रिंग बसती, मंग खरं माप कळतंय. हां… अजून… वा! हाताला जोर हाय अजून, मामा.

मल्हारी : जलम गेला मेंढरं ढकलण्यात.

भुजंग : बघा शेठ, चांगली बसली. पण सांगून ठिवतो, ही आता वस्तीजवळच्या शाळेच्या पुढं जाणार न्हाई. तुमच्या वस्तीचा रस्ता बघितलाय मी, तुमच्या आईच्या दहाव्याला आल्तो तवा. ट्रॅक्टरच्या दोन चाकोऱ्या अन् मधी उंचवटा. पोट घासंल तिथं.

शिवशंकर : मंग शाळेपस्तोर सोडतो. आबा, शाळेपासून जाताल ना चालत?

मल्हारी : जातो की. शाळेपासून किती, दोन शेतं.

शिवशंकर : भुजंगभाऊ, अजून तीन बोटं जातेत मधी. अजून एक इंच घ्या.

भुजंग : अजून? अहो, मंग ओढ्यावरच्या फरशीला टेकंल ती. शाळा तर सोडाच, राजूरच्या पुढच्या फाट्यावर उभी करावी लागंल. मामाला तिथून पायी म्हंजे… मामा, तुम्ही काय करून राह्यले खाली वाकून?

मल्हारी : काठी घालून बघतो.

भुजंग : काय बघता?

मल्हारी : माप. ही खूण हाय ना काठीवर, ही सात बोटांची. आता खुणेच्या खाली आली गाडी. पयले बराबर खुणेपस्तोर जात व्हती काठी.

शिवशंकर : कशाची खूण, आबा?

मल्हारी : तू गाडी पयल्यांदा आणली ना वस्तीवर, तवा तू अन् तुझी माय आत जेवत व्हते. मी काठी घालून बघितली, सात बोटं जागा व्हती. तिथं विळ्यानं खाच केली. मंग फाट्यापासून आपल्या दारापस्तोर काठी उभी धरत धरत आलो. खाचेच्या वर जो दगड गेला तो काढला. मधला उंचवटा बी तासला.

भुजंग : सगळा रस्ता? एकल्यानं?

मल्हारी : आठ दिस लागले. पण पाऊस झाला का दगडं पुन्हा वर येतेत. हा अमुश्याला यायचा, मंग मी आदल्या दिशी काठी घिऊन एक चक्कर मारायचो.

शिवशंकर : मला कधी बोलले न्हाईत तुम्ही.

मल्हारी : बोलायचं काय त्यात? घासली का कधी गाडी?

शिवशंकर : न्हाई. मला वाटायचं, रस्ताच चांगला हाय.

भुजंग : शेठ, पुन्हा वर घेऊ का? पाना हातातच हाय. जल्दी हुईल.

शिवशंकर : …नको.

मल्हारी : असू दे मिस्तरी, हौस हाय त्याची. शिवा, ती पांढरी जीप हाय ना तुझ्याकडं? तिनं येत जा. तिला तर दगडाचं बी काही न्हाई.

शिवशंकर : ती विकली. गेल्या महिन्यात.

मल्हारी : विकली? कामून?

शिवशंकर : पार्किंगला एकाच गाडीची जागा हाय, आबा.

मल्हारी : अन् नात माझी, छकुली? सुट्टीत येते म्हणली व्हती फोनवर. मी सगळी मेंढरं देऊन टाकली, पण एक कोकरू ठिवलंय तिच्यासाठी. कपाळावर पांढरा टिळा हाय त्याच्या.

शिवशंकर : बघू.

मल्हारी : शिवा, तू वस्तीवर येणारच न्हाई का आता?

भुजंग : मी जरा चहाचं सांगून येतो.

शिवशंकर : थांबा, कुठं चालले. तुमच्यापासून काय लपवायचं. आबा, आई गेल्यापासून त्या दारात उतरवत न्हाई मला. हॉर्न वाजवला का ती भाकरतुकडा अन् पाण्याचा तांब्या घिऊन यायची. आधी माझ्यावरून ओवाळायची, मंग गाडीवरून. पाणी बॉनेटवर सांडलं तर पदरानं पुसायची. मागच्या अमुश्याला मी मुद्दाम हॉर्न वाजवला न्हाई. तरी तुम्ही दारात तुकडा घिऊन उभे. उलटं ओवाळलं तुम्ही. मला बघवलं न्हाई ते.

मल्हारी : मला कुठं येतंय ते? बायामाणसाचं काम. दवाखान्यात तिनं हात धरून सांगितलं व्हतं, पोरगं लांबून आलं का तुकडा टाकत जा, इसरू नका.

शिवशंकर : माहीत हाय मला.

मल्हारी : मंग न्हाई टाकत. घरातच बसतो मी. तू ये निस्ता.

शिवशंकर : …भुजंगभाऊ, खाली घ्या.

भुजंग : शेठ, म्हातारा माणूस काय बोलून राह्यला, ऐकलं का तुम्ही?

शिवशंकर : ऐकलं. फाट्याच्या पुढं जाणार न्हाई म्हणले ना तुम्ही? तेवढी घ्या. मंग कुणी विचारलं तर सांगता येतंय, गाडीच जात न्हाई तिकडं.

भुजंग : शौक म्हणत व्हतो मी याला.

शिवशंकर : घ्या खाली.

भुजंग : घेतो. गाडी तुमची… झालं. धरा स्टेरिंग. मामा, तुम्ही राहू द्या, मी ढकलतो.

मल्हारी : ढकलतो की. एकट्यानं न्हाई हुयाची तुला.

भुजंग : बस, बस. बसली. आता जेमतेम एक बोट जातंय मधी. शेठ, चकती पक्की करू?

शिवशंकर : करा.

भुजंग : केली. घ्या तुमचा राग.

मल्हारी : दिसती मात्र झाक. खोटं कशाला बोलू.

शिवशंकर : बसा आबा. फाट्यापस्तोर सोडतो.

मल्हारी : नको. राजूर रोडला गतिरोधक लई. खरचटली तर रविवारी फोटोत दिसंल. मी भोकरदनच्या बसनं जातो, ती थांबती फाट्याला.

शिवशंकर : मंग स्टँडवर तरी सोडतो.

मल्हारी : इतकं खाली वाकून बसवायचं न्हाई आता. गुडघे धरतेत. स्टँड काय लांब हाय? मिस्तरी, लोखंड कापायचं पातं हाय का तुझ्याकडं?

भुजंग : हाय. कशाला?

मल्हारी : काठीला खाच करायची. सातची आता कामाची न्हाई. किती जागा राह्यली खाली?

भुजंग : चार बोटं. कमीच, पण जास्त न्हाई.

मल्हारी : आण इकडं. डोळ्यात औषध हाय, बराबर दिसत न्हाई मला. तूच कर.

शिवशंकर : आबा, चार बोटांत काय हुणार? फरशी हाय, उंचवटा हाय. सगळा रस्ता उकरावा लागंल.

मल्हारी : हाव, सगळाच लागंल. दिवाळीपस्तोर हुतंय मला.