रिकामी नळी

दुसऱ्याचं बोलणं ऐकायची शैलाताईंना खोड नव्हती. पण हडपसरची बस सिग्नलला अडकून पडली, की माणसाने कान ठेवायचे कुठे? पुढच्या सीटवर बाप-लेक होते. लेकीच्या गळ्यात प्रयोगशाळेचं ओळखपत्र.

"स्फटिक गार करत गेलं की आलेखावर टेकडी यायची, पप्पा. म्हटलं, याचं चुंबकत्व इथेच बदलतं. त्यावरच माझी पीएचडी."

"मग? बिनसलं कुठं?"

"आज नळीत स्फटिक न ठेवताच मोजलं. तरी टेकडी आली."

"म्हणजे?"

"नळी गळत होती. हवा आत शिरायची, तिच्यातला ऑक्सिजन गोठायचा. तोही चुंबकाकडे ओढला जातो, टेकडी त्याची होती. आमच्या स्फटिकाला कधी काही झालंच नाही."

"सरांना सांगितलंस?"

"सांगितलं. म्हणाले, पेपर छापून आलाय. रिकामी नळी तू मोजलीच नाहीस."

"तू काय म्हणालीस?"

"'हो सर' म्हणाले."

बस हलली.

"रविवारी विहारात तुझा सत्कार ठेवलाय, बाळा. नको म्हणून कळवू?"

"कळवा ना. कारण काय सांगाल?"