पणजीपुढची रेघ

मला वाटलं होतं, घराण्याचे जुने धंदे शोधायचे तर कागद मिळणार नाहीत. कागद ढीगभर मिळाले, पण त्यांत बायका सापडेनात. मी मैसूरला परतल्यावर काकांनी आमची वंशावळ छापण्यासाठी मला टाईप करायला दिली, प्रत्येक नावापुढे धंदा. पणजोबा शिंपी, आजोबा शिंपी, दुकान लष्कर मोहल्ल्यात. पणजीपुढे नुसती रेघ.

"काका, पणजी जन्मभर कोटांची काजं करायची ना?"

"ती मदत गं. धंदा कसला?"

"पणजोबांना यायची काजं?"

"त्यांना ते बारीक काम जमायचं नाही."

"मग कोटाची बटणं लागायची कशात?"

"बिडु," काका कानडीत म्हणाले, "सोड ते."

आत्या शेजारीच बसली होती. तिनंही चाळीस वर्षं काजं केली. आता बोटं सरळ होत नाहीत. मी चिडून म्हटलं, "आत्या, तूच सांग यांना, तुझा धंदा काय?"

"माझा कसला धंदा? मी सुम्मने, उगीच आपलं बसल्याबसल्या करायचे."

काकांपेक्षा तिचाच राग आला मला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी काकांना सांगितलं, पणजी आणि आत्या, दोघींपुढे 'काजं करणारी' असं लिहिल्याशिवाय वंशावळ छापायला जाणार नाही. आत्या स्वतः नको म्हणाली तरी.