माळावरचं टेशन

बस खाली, सुमन. फोन ठेव बाजूला आन् शेंगा फोड. रेंज पायजे म्हनून ह्या वक्ताला माळावर जायची काय गरज? तुझा नवरा शिपाई, माझाबी शिपाईच व्हता. मीबी एकदा अशीच निघालेली. ऐका गं समद्याजनी, आन् मधी दात काढू नका.

लढाई संपून दीड म्हैना झालेला. घरात तार आलेली, मालकांचा पत्ता लागत न्हाई म्हनून. मेलं म्हनत न्हाईत, जित्तं म्हनत न्हाईत, निस्तं पत्ता न्हाई. सासूबाई माझ्या कपाळाकडं बघायच्या बंद झालेल्या.

तवर गावात बातमी उठली. रातच्याला रेडिओवर, शार्टवेवला, कुठलं तरी परकं टेशन लागतंय आन् त्यावर कैदेतल्या शिपायांचं नंबर वाचत्यात. कुठलं टेशन, कोन वाचतंय, कुनाला ठावं न्हाई. मास्तर म्हनायचं पलीकडल्या मुलखातलं हाय, चावडीवरची मानसं म्हनायची कुनी तरी चेष्टा करतंय. आन् आपलं गाव हे असं खड्ड्यात, हितं निस्ती खरखर. माळावर गेलं तरच ऐकू यायचं.

सासूबाईच निघालेल्या. गुडघं धरलेलं त्यांचं. मी म्हनलं, मी जाते. मला अक्षर येत न्हवतं, पर मालकांचा नंबर पाठ. मास्तरांकडनं पाकिटावर लिवून घेताना ऐकून ऐकून. दोन सहा पाच तीन नऊ एक आठ. आजबी झोपंतनं उठवून इचारा.

रेडिओ फडक्यात बांधला, कंदील घेतला, खिंडीच्या वाटंनं निघाले. थंडी मरनाची. माळावर त्यो सपाट खडक हाय न्हवं, त्यावर रेडिओ ठेवला आन् काटा फिरवत बसले. खरखर. शिट्टी. परत खरखर. मग एक बाप्या आला. खोकत खोकत, मोडक्या हिंदीत, भराभरा नंबर वाचतोय. एक झाला की दुसरा, दुसरा झाला की तिसरा. दहा झालं, ईस झालं, आमचा न्हाई. आन् आवाज बुडाला.

मग, बायांनो, दुसरा आवाज आला. साफ. खरखर न्हाई, काय न्हाई. आन् आपल्या हिकडचं मराठी. म्हनला, दोन सहा पाच तीन नऊ एक आठ. मी रडायलाच लागले. तर म्हनतोय, "नंबर खरा. नाव सांगा."

आन् गप ऱ्हायला.

आता आमच्या वक्ताला नवऱ्याचं नाव कोन घेतंय? लग्नात उंबऱ्यावर अडवून धरलेली, तवाबी माझ्या त्वांडातनं निघालं न्हवतं. जीभच उचलंना. आवाज परत म्हनला, नाव सांगा म्हंजे सोडतो. मग त्यातनं सासूबाईंचा आवाज आला, घे की, कसली लाज म्हनून. सासूबाई तर घरात. आन् मग मालकांचा आवाज आला. "लई गार हाय गं हितं. एकदा नाव घे."

घेनार व्हते. देवाशप्पथ घेनार व्हते. पर जल्माची सवय, जीभ अडली, आन् तेवढ्या दमात ध्यानात आलं. ह्यो थांबलाय. रेडिओवरचा मानूस कुनासाठी थांबतो का? त्यो आपलं सांगतो आन् फुडं जातो, तुमी ऐका नायतर झोपा. ह्यो माझ्या उत्तराची वाट बघत बसलाय.

बटन फिरवलं. खट झालं, बंद झालं. तरी आवाज हायच. आन् आता रेडिओतनं न्हाई, माझ्या पाठीमागनं. नाव. रेडिओ काखंत मारून पळाले. कंदील इझला. खिंडीत नाव, वढ्यात नाव, पार मानंपाशी येऊन नाव. चुकून भाईर पडू नये म्हनून पदराचा बोळा त्वांडात कोंबला. वेशीवरच्या मारुतीपाशी जाऊन पडले तवा ते थांबलं.

वेस जरा उंचावर. तिथंच, कुनास ठावं का, रेडिओ परत लावला. त्योच खोकनारा बाप्या. दोन सहा पाच तीन नऊ एक आठ, म्हनला, आन् फुडच्या नंबरावर गेलासुदिक. थांबला न्हाई. मारुतीच्या पायाशी मी किती येळ रडत व्हते, मला सांगता यायचं न्हाई.

मालक आठ म्हैन्यानं आलं. निस्ती हाडं. लई वर्सांनी एकदा आपनहून सांगितलं. कैदेत तापानं फनफनलेलं, तवा एका राती तारंच्या कुंपनापलीकडनं माझा आवाज आला. कुंपनाला हात लावला की पहाऱ्यावरचं गोळी घालायचं. आवाज माझा, पर हाक नंबरानं. म्हनलं, बायको कशाला नंबरानं हाक मारंल? म्हनून अंथरुनातच पडून ऱ्हायलं.

मग माझ्याकडं बघून म्हनलं, "नावानं मारली असतीस तर गेलो असतो गं. लग्नापासनं वाट बघत व्हतो."

त्यास्नी जाऊन आता चार वर्सं झाली. त्या दिशी कानाशी वाकून एकदाच घेतलं. हिंदुराव. ऐकू गेलं का न्हाई, देव जाने.

तर सुमन, त्या खिंडीच्या वाटंनं रातचं जाऊ नगंस. कंदीच न्हाई. फोन उद्या सकाळी शाळंच्या गच्चीवरनं लाव. आन् कवा तिकडनं नवऱ्याचाच आवाज आला, पर नाव इचारून गप बसला, तर फोन ठेवून सरळ घरला ये. आमची जीभ अडली म्हनून वाचलो. तुमी पोरी नवऱ्याला नावानंच हाका मारता, म्हनून तर मला तुमचं जास्त भ्या वाटतं.