ट्रॅक्टरची चावी

हॅलो?

हां निशा, बोल. थांब जरा, मी कंपनीत आत शॉपमधी आहे, मशीनचा लई आवाज आहे… हां, आले बाहेर. बोल आता.

कोण पडलं?… अगं हळू, एकेक सांग. विहिरीत? आपल्या?… कडुबा गडी? आणि अभय पण?

थांब, थांब. आधी कोण उतरलं? कडुबा. गाळ भरायला. आणि खाली गेल्या गेल्या आडवा झाला… व्हय… मग त्याला काढायला अभय उतरला. बरं. त्यानं कडुबाला टोपल्यात घातलं, सांडूनं ट्रॅक्टरनं दोर ओढला, टोपलं वर आलं. कडुबा वर आहे. श्वास चालू आहे ना त्याचा? बरं.

अन् अभय?

खालीच?

हाका मारल्या का?… ओ देत नाय. दिसतो का वरून?… भिंतीला टेकून बसलाय. मान खाली. किती वेळ झाला, निशा? नीट आठव. दहा मिनिटं? बरं. रडू नको. तू रडलीस तर मला ऐकू येत नाय.

आता विचारते तेवढंच सांग. पाणी उपसायचं इंजिन कुठं आहे?… आत उतरवलं? विहिरीत?

अगं ते कळलं गं, पाणी तळाला गेलं, वरून खेचत नाय. अद्रकाची लागवड तोंडावर आली, तेही कळलं. किती वाजल्यापासून चालू होतं आत?… पाचपासून. अन् डिझेल संपून दहाला बंद पडलं. धूर निवळला असं वाटलं, म्हणून उतरले.

काय?… रॉकेलची चिमणी सोडली होती? पेटवून, दोराला बांधून? कोणी, आबांनी?… अन् ती तळापर्यंत जळत राहिली.

आई गं…

नाय, काय नाय. ऐक. चिमणी या धुराला विझत नाय, निशा. जुन्या विहिरीतला वायू निराळा, त्याला विझते. आबांनी चाळीस वर्षं तेच बघितलं. इंजिनाच्या धुरातलं विष दिसत नाय, त्याला वास नाय. चिमणी जळत राहते अन् माणूस गुडघ्यावर येतो. ते विष अजून आतच आहे. वारा नाय, कुठं जाईल?

एक मिनिट. मोनिका! अगं मोनिका, फायर ब्रिगेडला लाव. विहिरीत माणूस, इंजिनाचा धूर, हवेची टाकी अन् मास्क घेऊन या म्हणावं. मास्क हा शब्द दोनदा सांग. फुलंब्रीच्या अलीकडं, शाळेपासून डावीकडं, मोतीराम यांचा, माझ्या वडिलांचा मळा. मग एकशेआठला लाव. अन् तुझी गाडी काढ… माझा भाऊ आहे खाली. पळ.

हां निशा, आहे मी. कडुबाला सावलीत घेतलंय का? कुशीवर झोपव. शर्टाची बटणं काढ. पाणी पाजू नका, शुद्ध नाय त्याला. कांदा पण नको नाकाला. नुसती हवा लागू दे.

मागं कोण ओरडतंय एवढं?… आबा?… कशात बसलेत? टोपल्यात?

नाय! नाय, नाय, निशा, खाली सोडायचं नाय! सांडूला सांग… ऐकत नाय? आबांचंच ऐकतो तो. दे त्याच्याकडं फोन… घेत नाय.

मग तू जा. पळत जा ट्रॅक्टरवर. चावी काढून घे.

व्हय, चावी. ट्रॅक्टर बंद पडला की टोपलं जागेवर राहतं. त्याचा धूर पण आत जायचा थांबेल.

मला माहीत आहे खाली कोण आहे. तुझा नवरा आहे. माझा भाऊ आहे गं तो, धाकटा. पण आबा गेले की ते पण तिथंच बसतील. मग सांडू उतरेल. मग तू. तू उतरशील, मी ओळखत नाय का तुला? काढ चावी.

काढली?… हातात आहे? बरं.

मागतायत? देऊ नको… शिव्या देतायत, देऊ दे… काय करतायत? पाया पडतायत तुझ्या?

निशा, मागं सरक. सासरे आहेत, कळतंय मला. मागं सरक अन् देऊ नको. फोन स्पीकरवर टाक अन् त्यांच्यापुढं धर.

आबा? करुणा बोलते.

व्हय, मीच सांगितलं तिला… व्हय, आहे मी बहीण… बोला, काय बोलायचं ते बोला, पण टोपल्याबाहेर येऊन बोला… आबा, तुम्ही चिमणी सोडली, ती जळाली, तुम्ही म्हणाला, जा रे, हवा चांगली आहे. म्हणून आता तुम्हालाच जायचंय. व्हय ना? कळतंय मला. तुमच्यापेक्षा जास्त कळतंय.

सांगते ना. ऐका. दोन वर्षांखाली मी महिनाभर तुमच्याकडं येऊन राहिले होते, आठवतं? आजारी नव्हते मी. आमच्या कंपनीत टाकी धुताना एक जण आत पडला. त्याला काढायला दुसरा गेला, तो पण पडला. तिसरा माझ्यापाशी आला. टाकीत जायचा कागद माझ्या सहीचा असतो, आबा. तो म्हणाला, मॅडम, दोन मिनिटांत काढतो दोघांना. त्या दोघांतला एक त्याचा मेहुणा होता. मी सही केली. उभ्या उभ्या, हातावर कागद धरून. अन् तिघं बाहेर आले ते झाकूनच.

पहिले दोघं माझ्यामुळं गेले नाय. तिसरा गेला. माणूस चांगला होता, जीव तोडून सांगत होता, अगदी तुमच्यासारखा. तुमच्या कागदावर मी सही करणार नाय. मारा मला आल्यावर.

आबा?… निशा, काय करतायत ते?… उतरले टोपल्यातून? बसलेत?… काठावर नको गं, मागं ओढ. सांडूला म्हणावं, धरून ठेव त्यांना. दोन्ही हातांनी.

बरं, आता ऐक. पलीकडच्या रानात विहिरीचं खोदकाम चाललंय ना, सुरुंग लावतात तिथं? त्यांच्याकडं कंप्रेसर असेल. हवेचा, ट्रॅक्टरवरचा. आणायला लाव. त्यांचा ट्रॅक्टर लांब उभा करा, वाऱ्याच्या खालच्या अंगाला, त्याचा धूर आत नको. नुसता पाइप आत सोडा, अभयच्या तोंडापाशी जाईल एवढा, अन् हवा सोडा. तोवर लिंबाची मोठी फांदी तोडा, दोराला बांधून विहिरीत वर-खाली करा. हवा हलली पाहिजे.

मी गाडीत बसलेय. मोनिका चालवते. तू फोन ठेवू नको, तुझा आवाज येऊ दे नुसता.

निघाली, फायर ब्रिगेड निघाली. शहरातून यायची आहे… व्हय गं, लांब आहे. जेवढ्या लवकर येता येईल तेवढं येतायत.

… …

आला कंप्रेसर? सोडला पाइप? आवाज येतोय मला. चालू राहू दे… हलला का तो? काहीच नाय? बरं. हाका मारत राहा. तू मार. तुझा आवाज ओळखील.

काय म्हणतोय तो कंप्रेसरवाला? नाकाला ओला रुमाल बांधून उतरतो?… नाय. रुमालानं धुरळा अडतो, विष नाय अडत. हात जोड त्याला, पण नको म्हणावं. त्याला पण घरी कोणीतरी असेल.

काल रात्री बोललो होतो मी अन् अभय. माहीत आहे तुला? मी म्हणाले, बेचाळीस-त्रेचाळीस डिग्री ऊन आहे, दुपारी रानात थांबू नका, मिठासाखरेचं पाणी प्या, काम पहाटेच उरकून घ्या. व्हय म्हणाला. म्हणून पाचला इंजिन लावलं त्यानं. एवढं ऊन ऊन केलं मी… इंजिन कुठं ठेवणार ते विचारलं नाय. मी विचारायला पाहिजे होतं. माझं कामच ते आहे.

हॅलो? निशा? आवाज येतोय का?… हां. जरा रेंज गेली. चौका गावाच्या पुढं आलो आम्ही.

आली? फायरची गाडी? दिसते?… रस्ता दाखवायला कोणीतरी बांधावर पळा! व्हय, त्यांनाच दे चावी. ज्याच्या पाठीवर हवेची टाकी आहे ना, त्याच्याच हातात. दुसऱ्या कोणाला नाय, आबांना नाय.

गेला आत?… बरं… पोचला तळाला… दोर बांधतोय अभयला. बांधू दे. घाई नको. आबांना म्हणावं, दोराला हात लावू नका, ते ओढतील बरोबर.

येतोय वर?… दिसला?… निशा?

निशा, काय झालं, बोल.

रुग्णवाहिकेचा डॉक्टर आहे ना तिथं? छाती दाबतोय? दाबू दे. किती पण वेळ लागू दे. तू बाजूला हो, त्याला जागा दे.

…

हां.

…

हां, ऐकतेय.

…

काय म्हणाला डॉक्टर?

परत सांग.

नाय, ऐकू आलं. आलं ऐकू.

मोनिका, गाडी बाजूला घे… नाय, नको, चालू ठेव. चालव.

निशा, आहे मी. इथंच आहे. रड. आता रड, आता मी अडवत नाय… व्हय… व्हय गं.

काय?

…कुणी सांगितलं तुला असं?… तुझं तूच म्हणतेस. चावी दिली असती आबांना, तर?

ऐक. माझ्याशी बोल, दुसऱ्या कोणाशी नको. तू मला फोन लावला तेव्हाच दहा मिनिटं झाली होती. आबांचं वय अडुसष्ट. खाली गेले असते, अभयपाशी बसले असते, आज तुमच्या अंगणात दोन जण झोपवले असते. हे मी तुला बरं वाटावं म्हणून बोलत नाय. मी बघितलंय ते.

अन् एवढं सांगून पण तुला वाटत राहील. माहीत आहे मला. चार जण म्हणतील, सुनेनं चावी काढून घेतली, नवऱ्याला वर येऊ दिलं नाय. तुझी आई पण विचारील एखादे दिवशी. तेव्हा सांगायचं, चावी करुणानं काढली. हात तुझा होता, चावी मी काढली. पोलिसाला पण असंच सांग. माझी सही लागली तर सही करीन. कळलं?… म्हण. करुणानं काढली म्हण.

नाय, पुटपुटू नको. नीट म्हण.

हां.

कडुबा कसा आहे?… डोळे उघडले? बरं झालं. अभयचं त्याला आत्ताच सांगू नका. त्याला रुग्णवाहिकेत घालून जाऊ दे, थांबवू नका. तो जाऊ दे नीट. अभयनं त्याच्यापायीच… जाऊ दे म्हण.

आबा कुठं आहेत?… दे. त्यांच्या कानाला लाव.

आबा.

…

व्हय, निशानं सांगितलं.

…

नाय, मी रडत नाय. येतेय मी. पंधरा मिनिटं.

…

आबा, मीच गेलो असतो तर बरं, असं नका म्हणू. तुम्ही असं म्हणू नका. तुम्ही आहात तिथं म्हणून मी येऊ शकते. नाय तर कोणापाशी आले असते मी?

…

बसा तुम्ही त्याच्यापाशी. उघड्यावर आहे का तो? उन्हात?… मग लिंबाखाली घ्या त्याला. चौघांनी उचला. डोक्याखाली काहीतरी घाला.

व्हय आबा. माहीत आहे मला, आता त्याला ऊन लागत नाय.

तरी घ्या सावलीत. ठेवते.