बशीतलं पाणी

बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर एक आई आणि तिची संशोधक लेक बसल्या होत्या.

“तुझ्या त्या सूक्ष्मदर्शकाचं भिंग खाली का गं?”

“पेशी बशीच्या तळाला चिकटून वाढतात, आई. खालून जवळून दिसतात.”

“जिवंत?”

“हो. हलतातसुद्धा.”

“अगंबाई! मी तर दिवसभर बघतच बसले असते.”

“नको. प्रखर उजेड फार वेळ पडला तर मरतात त्या.”

“आणि कुणी बघितलंच नाही तर?”

“तरी मरतात. बशीतलं पाणी बदलायचं राहून जातं ना.”

“तुझ्या दादाचं घर पुढच्याच स्टॉपला ना?”

“आई! त्याचं नावही काढायचं नाही म्हणालेत बाबा.”

“नाव कुठे काढतेय? पाणी बदलून येऊ. ऊठ.”