मंजिरा ऐकवणारं मशीन

नाही भय्याजी, चारच्या टोकाले नाही, आठच्या टोकाले जोडा — स्पीकर आठ ओहमचे आहेत, मागं लिवलं आहे, पाहा — आठलेच जोडलं? मंग हे मशीनच याच्या जोडीचं नाही. स्पीकर जड अन् मशीन नाजूक, आवाज दबणारच. मोहाडीवरून ऑटोत मांडीवर धरून आणले मी हे डबे. काहून? तं घरच्या अँप्लिफायरवर मंजिरा येतच नाही. तबला येते, ऑर्गन येते, खुशबूबाईचं गाणंबी येते, कापडात बांधल्यावानी — मंजिरा गायब. ट्यूबच्या मशीनवर बारीक बारीक आवाज मोकळा होते, असं तुम्हीच सांगता ना लोकायले? अख्ख्या भंडाऱ्यात याच्यातलं तुमच्याएवढं कोणाले समजत नाही, म्हणून तं आलो. मंग करा मोकळा.

ते तिसरं लावा, मोठ्या नळ्यावालं. तापू द्या, थांबतो मी — चाळीस वर्षं नाटकात तबला वाजवला, थांबणं येते मले. पेन ड्राइव्ह तोच राहू द्या, आमच्या सूनबाईनं, रीनानं, तालमीचं रेकॉर्डिंग घालून देल्लं. त्या तालमीतच झालं ना सारं. विक्की, आमचा मंजिरावाला, नुसते हात हालवून राहिला होता, वाजवून नव्हता राहिला. मी तबला थांबवला, म्हणलं, शोभेले बसला का बे? दोन लेकरायचा बाप तो, आईची आन घेऊन सांगे, जागेश्वरकाका, वाजवून राहिलो जी. मी कायले ऐकतो? मंडळाच्या मालकाले, चंद्रकुमारले, तोंडावर सांगतलं, हा राहीन नाही तं मी. भाऊबीजेच्या मंडईत, गावच्या जत्रेत, पहिलं नाटक, ऐन वक्तावर तबलजी कुठून आणते तो? काढलं विक्कीले. मंजिरा माह्या पायापाशी ठेवला अन् गेला. आता चंद्रकुमार म्हणते, काका, रेकॉर्डिंग ऐका अन् आज सांजेपर्यंत तुम्हीच सांगा काय ते.

झालं चालू? हो, हा तबला. माहाच. वाढवा — अजून वाढवा — तुम्ही कान काहून झाकले? घरी माही बायको सुलोचनाबी असंच करते. म्हणते, पुरे करा, मंजिरा डोक्यात घुसून राहिला. मी म्हणलं, तुले वाद्यातलं काय समजते. समजते तिले भय्याजी, समजते. पहिले वाटे, विक्की खोटा पडला पाह्यजे. आता म्हणतो तो खराच असू द्या, पण मले एकडाव ऐकू येऊ द्या. एक ठोका. नळ्या बदलवा, स्पीकर बदलवा, तुमचे ते मोठे लाकडी लावा — चूक मशीनची निघू द्या जी.

तुमाले येऊन राहिला? मान नका हालवू नुसती. बोटानं ठोका धरा टेबलावर, कुठं वाजते ते दाखवा मले. — हां. — हां. — पुढं. — समेवरबी बरोबर. एकबी ठोका चुकला नाही ना त्यानं.

बंद काहून केलं? काय? फोन? तुमचा? — माह्या खिशात?

चंद्रकुमार आहे. वाजून राहिला का, आताबी?

तुम्ही उचला. म्हणा, विक्कीले बलाव, अन् तबल्याले दुसरा पाहा. नाही, डबे नाही नेत मी, राहू द्या इथंच. सरका भय्याजी, जाऊ द्या मले.