अण्णांच्या हातावर ठेवलेली साखर

काका-काकूंनो, अण्णा-अक्कांनो, आज इतकी माणसं आलात. दत्ताअण्णा आजारी असताना त्यांच्या शिवणाच्या दुकानाची पायरी इतक्यांनी चढली नव्हती. रागावू नका. शेजारी राहून मीसुद्धा शेवटी दारातूनच बोलायची.

आत येताना एका काकांनी मला बाजूला घेतलं. "पोरी, न्युमोनिया म्हण. बास." मी अण्णांच्या बायकोकडे, शारदाक्कांकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "खरं सांग. लपवत लपवतच गेले ते."

तर खरं सांगते. अण्णांना एचआयव्ही होता. आणि त्यांना नेलं ते फुप्फुसाच्या क्षयानं.

मी आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट. राजाजीनगरच्या आमच्या गल्लीत कुणाकडे इंग्रजी कागद आला की तो माझ्याकडे येतो. अण्णांना त्याचं कोण कौतुक! पदवीदानाचा माझा ब्लाउज त्यांनीच शिवला. "बी.एस्सी. बाईंचा आहे, टाका वाकडा चालायचा नाही!"

थुंकीच्या तपासणीचा कागदही ते माझ्याकडेच घेऊन आले. मी वाचला. जंतू सापडले नव्हते. मी ओरडलेच, "अण्णा, क्षय नाही!"

"सरी, बरं झालं! मग स्वल्प साखर तरी ठेव हातावर."

मी ठेवली.

डॉक्टरांनी छातीचा फोटो काढून परत यायला सांगितलं होतं. अण्णा म्हणाले, "आता कशाला? तू वाचलंस ना?"

मी कागदाची घडी घालून परत दिली. फोटोचा आग्रह धरला नाही. माझ्या वाचण्यावर एवढा विश्वास! मला बरं वाटलं होतं.

दीड महिना ते तसेच शिवत राहिले. आमची भिंत एकच. मशीन चालायचं, थांबायचं. खोकला. पुन्हा मशीन.

इस्पितळात नेलं तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "एचआयव्ही असला की थुंकीत क्षयाचे जंतू पुष्कळदा दिसत नाहीत. म्हणून तर फोटो सांगितला होता. क्षयावर औषधं आहेत हो. थोडं आधी आणायचं."

थोडं आधी.

आता दुकान बंद आहे. तरी भिंतीपलीकडे मला मशीन ऐकू येतं. ते थांबतं, आणि मी श्वास रोखून बसते. पुढचं ऐकू येऊ नये म्हणून.

शारदाक्कांच्या परवानगीनं अजून एक सांगते. त्यांनाही खोकला आहे. त्यांचीही थुंकी स्वच्छ आली आहे. तो कागद वाचून मी या वेळी कुणाच्या हातावर साखर ठेवलेली नाही. उद्या सकाळी मी त्यांना फोटोला घेऊन जाणार आहे. बरोबर कुणी आलं, तर आम्हाला धीर येईल.

अण्णा, तुम्हाला नमस्कार करायला हात जुळतात, पण मान वर होत नाही.

चला, उभे राहू. दोन मिनिटं कुणी बोलू नका. हॉलच्या सगळ्या खिडक्या मी उघडून ठेवल्या आहेत. शारदाक्का तोंडाला पदर धरून शेवटच्या रांगेत आहेत. या शांततेत तिकडून खोकला ऐकू आला, तर कुणी लांब सरकू नका.